आकाशातील राखीव जागा

आकाश कुणाच्या मालकीचे नसते, ते सर्वांचे असते, असे आपण सहज बोलून जातो. बांधावरून भाऊ भावाच्या अंगावर धावून जातो, नदीच्या पाण्यासाठी राज्ये एकमेकांना न्यायालयात खेचतात. परंतु आकाशावरून कुणी भांडल्याचे आपल्या ऐकिवात नसते. वस्तुतः असे भांडण झालेले आहे. ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झाले, त्यात एका बाजूला जगातील काही गरीब देश होते आणि दुसऱ्या बाजूला उपग्रह सोडण्याची ताकद असलेली बडी राष्ट्रे होती. या भांडणात गरीब देश हरले. आपल्याकडील शालेय पुस्तकांत त्याचा उल्लेख सापडत नाही. मात्र हरता हरता या देशांनी जगासमोर एक प्रश्न ठेवला आणि त्या प्रश्नाने आंतरराष्ट्रीय कायद्यात थोडी का होईना जागा मिळवली. आज डोक्यावरून हजारो उपग्रह फिरत असताना तो इतिहास पुन्हा एकदा वाचण्याची गरज आहे.

या भांडणाआधी कायदा काय होता, ते प्रथम पाहू. १९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचे त्याच्या जमिनीवरील हवाई हद्दीवर सार्वभौमत्व असते. परवानगीशिवाय परक्या देशावरून सरकारी विमान नेता येत नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. तो अनेक देशांवरून फिरला आणि त्याने कुणाचीही परवानगी घेतली नव्हती. तरी एकाही सरकारने आमच्या हद्दीचा भंग झाला अशी रीतसर तक्रार केली नाही. या मौनातून एक रूढी तयार झाली आणि रूढीतून पुढे कायदा आला. संयुक्त राष्ट्रसंघाने अंतराळाच्या शांततामय वापरासाठी १९५९ मध्ये स्थायी समिती नेमली. १९६३ मध्ये मूलतत्त्वांचा जाहीरनामा संमत झाला. २७ जानेवारी १९६७ रोजी लंडन, मॉस्को आणि वॉशिंग्टन येथे बाह्य अवकाश करार सह्यांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला तो अंमलात आला.

या कराराची दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले कलम म्हणते की, अंतराळाचा शोध व वापर सर्व देशांच्या हितासाठी व्हावा, मग त्यांची आर्थिक वा वैज्ञानिक प्रगती कितीही असो. ते सर्व मानवजातीचे क्षेत्र आहे. दुसरे कलम म्हणते की, सार्वभौमत्वाचा दावा करून, वापर करून, ताबा घेऊन किंवा अन्य कोणत्याही मार्गाने अंतराळ कोणत्याही देशाच्या मालकीचे होऊ शकत नाही. वाचताना मन प्रसन्न व्हावे अशीच ही भाषा आहे. पण या करारात एक गोष्ट राहून गेली. हवाई हद्द कुठे संपते आणि अंतराळ कुठे सुरू होते, हे त्यात लिहिलेले नाही. सर्वमान्य अशी सीमारेषा आजही ठरलेली नाही. ही राहून गेलेली व्याख्याच पुढे भांडणाचे निमित्त ठरली.

एकच वर्तुळ

अंतराळ अथांग आहे, मग त्यात जागेची टंचाई कशी, असे कुणीही विचारेल. त्याचे उत्तर एका विशिष्ट कक्षेत आहे. विषुववृत्ताच्या बरोबर वर, समुद्रसपाटीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एक कक्षा आहे. तेथे उपग्रहाला पृथ्वीभोवती फिरायला २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर या वेगाने धावणारा उपग्रह जमिनीवरून पाहणाऱ्याला एका जागी खिळल्यासारखा वाटतो. म्हणून तिला भूस्थिर कक्षा म्हणतात. आपल्या छतावरची डिश एकदा बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती याच कारणामुळे. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्येच या कक्षेतून जगभर दळणवळण कसे साधता येईल याची मांडणी केली होती. १९६४ मध्ये अमेरिकेचा सिन्कॉम-३ तेथे पोहोचला आणि ती कल्पना प्रत्यक्षात आली.

अशी कक्षा एकच आहे. तिचा घेर सुमारे २ लाख ६५ हजार किलोमीटर भरतो. एवढ्या जागेत उपग्रह एकमेकांवर आदळण्याची भीती फारशी नसते. खरी अडचण लहरींची आहे. शेजारशेजारचे दोन उपग्रह एकाच वारंवारतेवर बोलू लागले की जमिनीवरच्या डिशला दोघांचे आवाज एकदम ऐकू येतात. म्हणून त्यांच्यात काही अंशांचे अंतर ठेवावे लागते. एक अंश म्हणजे त्या उंचीवर सुमारे ७३५ किलोमीटर. वर्तुळाचे अंश तीनशे साठ. त्यातही ज्या देशाला सेवा द्यायची त्या देशावरून दिसेल असाच कमानीचा भाग उपयोगाचा. थोडक्यात, जागा मोजक्या आहेत.

त्या जागा वाटायच्या कशा? हे काम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे होते. तारयंत्राच्या जमान्यात, १८६५ मध्ये पॅरिसला स्थापन झालेली ही संस्था. तिची पद्धत सरळ होती: जो देश आधी नोंद करील आणि इतरांशी समन्वय साधील, त्याच्या वापराला संरक्षण, नंतर येणाऱ्याने आधीच्याला त्रास होणार नाही अशी व्यवस्था करून जागा शोधावी. रेल्वेच्या अनारक्षित डब्यात आधी चढणारा खिडकी धरतो, तसा हा प्रकार. या नियमात कुणावर अन्याय करण्याचा हेतू नव्हता. पण ज्याच्याकडे स्टेशनापर्यंत पोहोचण्याचेच साधन नाही, त्याला मोकळ्या डब्याचा काय उपयोग?

केनियावरचा उपग्रह आणि भारतातील खेडी

याच सुमारास भारतात एक प्रयोग झाला. १९६९ मध्ये भारताचे अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला होता. त्यानुसार नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला दिला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य आणि करमणूक. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची मोठी छत्री शाळेपाशी किंवा पंचायतीपाशी उभी राहिली. हजारो प्राथमिक शिक्षकांना या माध्यमातून विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले. विक्रम साराभाईंनी हे स्वप्न पाहिले होते. ते १९७१ मध्ये गेले आणि प्रा. यशपाल यांच्या नेतृत्वाखाली अहमदाबादच्या केंद्राने ते पुरे केले. महाराष्ट्रातील खेडी या प्रयोगात नव्हती. पण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ पासून उपग्रह भूकेंद्र चालू होते, आणि परदेशी बोललेला आवाज तेथून आकाशमार्गे जात होता.

या प्रयोगासाठी नासाने एटीएस-६ अमेरिकेच्या बाजूकडून सरकवून पूर्व रेखांश ३५ अंशांवर आणून ठेवला होता. नकाशा उघडून विषुववृत्तावर ३५ अंश पूर्व शोधले, तर बोट केनियावर येते. म्हणजे राजस्थानातील आणि ओरिसातील मुले ज्या उपग्रहाकडून धडे घेत होती, तो वर्षभर केनियाच्या माथ्यावर उभा होता. कायद्याने केनियाची परवानगी घेण्याची गरज नव्हती. प्रयोग संपला, उपग्रह नासाने परत नेला आणि उधारीचे आकाश भारतीय खेड्यांवरून निघून गेले.

त्यानंतर बरोबर चार महिन्यांनी बोगोटाची बैठक भरली.

बोगोटाचा दावा

२९ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर १९७६ या दिवसांत कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे विषुववृत्तावरील देशांचे प्रतिनिधी जमले. कोलंबिया, इक्वेडोर, काँगो, झैरे, युगांडा, केनिया आणि इंडोनेशिया हे देश होते. ब्राझीलचे प्रतिनिधीही उपस्थित होते. यातील बहुतेक देश वसाहतवादाच्या जोखडातून नुकतेच सुटलेले होते. आपल्या भूमीतील तांबे, रबर, कॉफी, खनिज तेल कुणी, कसे आणि किती वर्षे नेले, याची आठवण ताजी होती. दोनच वर्षांपूर्वी, १९७४ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघात नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा संमत झाला होता. ‘आमच्या साधनसंपत्तीवर आमचा हक्क’ ही त्या काळाची भाषा होती. बोगोटात ती भाषा आकाशाला लावली गेली.

त्यांचा युक्तिवाद असा होता. भूस्थिर कक्षा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे अस्तित्वात आली आहे; ती पृथ्वीशी निगडित असलेली मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहे. १९६७च्या करारात अंतराळाची व्याख्या नाही, तेव्हा ही कक्षा अंतराळातच मोडते असे कुणी गृहीत धरू नये. सबब विषुववृत्तावरील प्रत्येक देशाच्या वरचा कक्षेचा तुकडा त्या देशाचा. तेथे कायम उपग्रह ठेवायचा तर त्या देशाची आगाऊ परवानगी हवी. खुल्या समुद्रावरचा भाग मात्र मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. आधी येईल त्याला आधी मिळेल ही पद्धत वरवर समान दिसत असली, तरी तिचा फायदा मोजक्या औद्योगिक देशांनाच होतो, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते.

आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात विषुववृत्ताला खत-ए-इस्तिवा म्हणतात. इस्तिवा म्हणजे समतोल, बरोबरी. मराठीतल्या विषुवाचाही अर्थ दिवस आणि रात्र समान असणे असाच आहे. दोन्ही भाषांत या रेषेच्या नावात समानता आहे, आणि त्याच रेषेवरच्या देशांनी ती मागितली. नकाशावर ही रेषा दाखवताना मी हे मुलांना आवर्जून सांगतो.

परंतु मागणी न्याय्य असली, म्हणून तिच्यासाठी केलेला युक्तिवाद बरोबर ठरतोच असे नाही. बोगोटाचा युक्तिवाद विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही. उपग्रहाला खेचून धरते ते साऱ्या पृथ्वीचे वस्तुमान. त्यात हिमालयाचाही वाटा आहे आणि अंटार्क्टिकाचाही. विषुववृत्तावरच्या पट्टीने त्याला एकटीने तोलून धरलेले नाही. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात जे आहे ते खालच्या देशाचे, असे मानले तर चंद्रावरही हक्क सांगावा लागेल. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया शीतयुद्धात एकमेकांचे शत्रू होते, पण हा दावा फेटाळण्यात त्यांचे एकमत झाले. इतर बहुतेक देशांनीही त्याला मान्यता दिली नाही. कोलंबियाने १९९१च्या आपल्या राज्यघटनेत भूस्थिर कक्षेचा तुकडा देशाच्या हद्दीत लिहून ठेवला आहे आणि इक्वेडोरच्या २००८च्या घटनेतही या कक्षेवरील हक्काचा उल्लेख आहे. पण या कलमांमुळे एकही उपग्रह जागचा हललेला नाही.

हरलेल्या दाव्याने काय मिळवले

दावा फेटाळला गेला तरी त्यामागचा प्रश्न मागे राहिला. १९७७ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत थेट प्रक्षेपणाच्या उपग्रहांसाठी युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियातील देशांना आधीच जागा नेमून देणारा आराखडा झाला. १९७९च्या परिषदेने पुढचे पाऊल टाकले: सर्व देशांना या कक्षेत समन्यायी प्रवेश प्रत्यक्षात मिळावा म्हणून स्वतंत्र परिषद भरवावी, असे ठरले. १९८२ मध्ये नैरोबी येथे, म्हणजे पुन्हा केनियातच, दूरसंचार संघाच्या मूळ करारात दुरुस्ती झाली. लहरी आणि भूस्थिर कक्षा ही मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहे, हे १९७३ पासून त्यात लिहिलेलेच होते. आता विकसनशील देशांच्या खास गरजा आणि विशिष्ट देशांची भौगोलिक परिस्थिती लक्षात घ्यावी, हे शब्द जोडले गेले. त्याच वर्षी व्हिएन्नात अंतराळविषयक दुसरी जागतिक परिषद झाली. तिचे महासचिव प्रा. यशपाल होते. अखेरीस १९८५ आणि १९८८च्या परिषदांतून वाटपाचा आराखडा तयार झाला आणि प्रत्येक सदस्य देशासाठी कक्षेत किमान एक जागा राखून ठेवण्यात आली. त्या देशाकडे उपग्रह असो वा नसो, रॉकेट असो वा नसो.

राखीव जागा हा शब्द आपल्याकडे उच्चारला की लगेच वाद सुरू होतो. गुणवत्तेचे काय, रिकाम्या जागांचे काय, पात्र उमेदवार नसेल तर काय, हे सगळे प्रश्न तिथेही विचारले गेले. उत्तरेही आपल्या ओळखीचीच आहेत. शर्यत सुरू होण्याआधीच काहीजण निम्मे अंतर पुढे उभे असतील, तर नियम सर्वांना सारखा आहे एवढे सांगून भागत नाही. मात्र आणखी एक गोष्टही प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. राखीव जागा ज्या लहरींवर दिल्या गेल्या, त्या त्या वेळी फारशा वापरात नसलेल्या लहरी होत्या. रुळलेल्या, पैसा मिळवून देणाऱ्या लहरींवर जुनी पद्धत तशीच चालू राहिली. हे दुखणेही आपल्या ओळखीचे आहे.

नुसती जागा मिळून काय होते, याचा धडा टोंगा या पॅसिफिकमधील छोट्या बेटराष्ट्राने दिला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोंगाने तब्बल १६ जागांवर नोंद केली. स्वतःचा उपग्रह नव्हता; जागा भाड्याने देऊन पैसा मिळवायचा बेत होता. ओरड झाली आणि शेवटी टोंगाच्या पदरात सहा जागा पडल्या. १९९३ मध्ये त्यांतील एका जागेवरून टोंगाचा खटका उडाला तो इंडोनेशियाशी. बोगोटात इतरांसोबत हक्क मागणारा हाच इंडोनेशिया. कागदावरच्या उपग्रहांची साथ पुढे मोठ्या देशांतही पसरली आणि नोंद करून जागा अडवून ठेवणाऱ्यांविरुद्ध संघाला नियम कडक करावे लागले.

इंडोनेशिया आणि भारत

बोगोटाच्या मंडळींत इंडोनेशियाची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबरमध्ये त्याने जाहीरनाम्यावर सही केली. पण त्याआधीच, ८ जुलै १९७६ रोजी, त्याचा पालापा हा दळणवळण उपग्रह अमेरिकेतून उडाला होता. चौदाव्या शतकात मजापहित राज्याचा प्रधान गजाह मद याने सारी बेटे एक होईपर्यंत पालापा चाखणार नाही अशी शपथ घेतली होती, त्यावरून हे नाव आले. हजारो बेटांत विखुरलेल्या देशाला तारा ओढून जोडणे शक्य नव्हते. उपग्रह अमेरिकी कंपनीने बांधला, सोडलाही अमेरिकेने. तरी विकसनशील देशांत स्वतःची अशी व्यवस्था उभारणारा इंडोनेशिया पहिला ठरला. एका हाताने हक्काचा अर्ज आणि दुसऱ्या हाताने प्रत्यक्ष काम, असे त्याचे धोरण होते.

भारतावरून विषुववृत्त जात नाही, त्यामुळे बोगोटाशी भारताचा थेट संबंध आला नाही. भारताने उधारीचा उपग्रह परत गेल्यावर स्वतःचा बांधायला घेतला. १९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियन रॉकेटवरून ‘अ‍ॅपल’ गेला. बैलगाडीवर ठेवलेल्या त्याच्या छायाचित्राची आजही थट्टा होते. बैलगाडी निवडली होती ती लोखंडी वाहनाचा अँटेनाच्या चाचणीला अडथळा होऊ नये म्हणून. या अ‍ॅपलची जागा होती पूर्व रेखांश १०२ अंश. विषुववृत्तावर ती इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर येते! बोगोटाचा कायदा झाला असता तर भारताला आपल्या पहिल्या भूस्थिर उपग्रहासाठी जकार्ताकडे अर्ज करावा लागला असता. पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला आणि दूरदर्शन गावोगाव पोहोचले. ५ मे २०१७ रोजी भारताने दक्षिण आशिया उपग्रह सोडून त्याची सेवा शेजारी देशांना देऊ केली. पाकिस्तान त्यात सामील झाला नाही. स्वतःला जागा मिळाल्यावर दुसऱ्यासाठी सरकून बसणे, ही समानतेची खरी कसोटी आहे.

आजचा प्रश्न

हा सारा इतिहास जुना झाला असे कुणी म्हणू नये. २०१९ पासून एका अमेरिकी कंपनीने स्टारलिंकचे उपग्रह साठ साठच्या खेपांनी सोडायला सुरुवात केली आणि आज त्यांची संख्या हजारांत आहे. हे उपग्रह भूस्थिर नाहीत. ते काहीशे किलोमीटर उंचीवरून फिरतात. पण जुना प्रश्न तेथेही आहेच. आधी नोंद करणाऱ्याला तेथेही प्राधान्य मिळते, आणि या कक्षांसाठी देशवार राखीव जागांचा आराखडा नाही. नोंद करून जागा अडवू नये म्हणून २०१९ मध्ये दूरसंचार संघाने ठरावीक मुदतीत ठरावीक टक्के उपग्रह सोडण्याची अट घातली. या अटीने जागा अडवणाऱ्यांना आळा बसतो. पण भरभर सोडू शकणाऱ्याचाच त्यात फायदा आहे. २०२१ मध्ये विषुववृत्तालगतच्या रवांडाने सव्वातीन लाखांहून अधिक उपग्रहांची नोंद मागितली, तेव्हा अनेकांना टोंगाची आठवण झाली असेल.

चंद्राचेही तेच. १९७९च्या चंद्र करारात चंद्राची संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा असल्याचे म्हटले होते. भारताने त्यावर १९८२ मध्ये सही केली, पण अंतिम मान्यता दिली नाही. बड्या अंतराळ राष्ट्रांपैकी कुणीच दिली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेने आपल्या नागरिकांना अंतराळात काढलेल्या खनिजांवर मालकी देणारा कायदा केला. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिरातींनी तशीच वाट धरली. सौदी अरेबियाने चंद्र करारातून माघार घेतली, ती जानेवारी २०२४ पासून लागू झाली. भारताने २१ जून २०२३ रोजी अमेरिकाप्रणीत आर्टेमिस करारावर सही केली आणि दोनच महिन्यांनी, २३ ऑगस्टला, चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. भारत आता खिडकीजवळ बसणाऱ्यांच्या रांगेत आला आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. उभे राहिलेल्यांकडे तो कसा पाहतो, हे यापुढे दिसेल.

बोगोटाच्या बैठकीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कायद्यात ‘सर्वांचे’ असे लिहिले म्हणजे ते सर्वांना मिळतेच असे नाही. त्यासाठी मागावे लागते, आणि हरण्याची शक्यता असतानाही मागावे लागते. त्या देशांनी मागितले नसते तर १९८८ची राखीव जागा कुणी आपण होऊन दिली नसती. दुसरे असे की, मिळालेल्या जागेवर बसण्याची ताकद मात्र कुणी राखून ठेवत नाही. ती शाळेत, प्रयोगशाळेत, कारखान्यात कमवावी लागते. इंडोनेशियाने आणि भारताने ती कमावली. इतर अनेकांच्या जागा आजही त्यांची वाट पाहत आहेत. हक्क मागणारा समाज असो की देश, त्याला अर्ज लिहिता आला पाहिजे आणि गणितही आले पाहिजे. या दोन्ही गोष्टी वर्गातूनच सुरू होतात.